काळी फीत कुणी सोडली?

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बावीस वर्षं सोलापुरात सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. शवागाराच्या शेजारी बसून डबा खाल्लाय मी! तरी हे लिहितेय... कारण डोक्यातून जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात, दुपारी एकला फोन आला — वळसंगजवळ मजुरांचा टेम्पो उलटलाय, तीसेक जखमी येतायत. अशा वेळी दारातच प्रत्येकाला तपासून मनगटावर फीत बांधायची. लाल म्हणजे आधी घ्या, पिवळी म्हणजे थांबू शकतो, हिरवी म्हणजे किरकोळ. आणि काळी म्हणजे... गेला. फितीवर वेळ आणि सही. मॉक ड्रिलमध्ये नव्या पोरींना मीच दटावते — काळी बांधली की मागं वळायचं नाही, पुढचा पेशंट बघायचा.

विशीतल्या एका पोरीला मी काळी बांधली. श्वास नाही, नाडी नाही. दोन वाजून दोन मिनिटं. स्ट्रेचर भिंतीकडे सरकवलं नि पुढच्याकडे वळले. त्यानंतर तासभर मी दार सोडलं नाही, देवाशपथ.

गर्दी ओसरल्यावर आत गेले तर सर्जन म्हणाले, "शाब्बास सिस्टर, वेळेत पाठवलीत हिला!" बघते तर तीच पोरगी... मनगटावर लाल फीत. दोन वाजून दहा. सही माझी! अगं बाई! स्ट्रेचर ढकलणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणतात, "तुमीच तर हाक मारली की, हिला आत न्या म्हणून."

कौतुक झालं, आणि मी लाजेनं अर्धी झाले. जित्याजागत्या पोरीला भिंतीला लावलं होतं मी.

डिस्चार्जच्या दिवशी ती पाया पडायला आली. मला राहवलं नाही. म्हटलं, "नको गं बाळ. मी तुला मेलेली समजून काळी फीत बांधली होती. वळूनसुद्धा बघितलं नाही."

"ठाव हाय की," ती म्हणाली. "पर ती सोडताना लई रडत हुता तुमी. चुकलं गं माझं, चुकलं, म्हनत हुता."

त्या दिवशी मी रडलेच नव्हते हो. वेळच कुठं होता? आता मात्र तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडले. ती आपली पाठीवरून हात फिरवत राहिली, "असू द्या, असू द्या..."

तिची माफी माझ्याआधी कुणी मागितली, ते मला आजही सांगता येत नाही.