खळखळणारी टाकी

उंद्रीच्या इंद्रभान आचाऱ्याने वीस वर्षं लाकडाच्या चुलाणावर लग्नं रांधली. गेल्या वर्षी त्याने मोठी गॅसभट्टी घेतली. टाक्या आणायचा शालिग्राम. दोघं शाळेपासूनचे मित्र.

पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी लग्नघरी वांग्याची भाजी चढली आणि तासाभरात भट्टीचा जाळ बसला. टाकी तर नवी लावलेली. इंद्रभानने हलवली, आत खळखळलं. हात लावला, तर बर्फासारखी गार, अर्ध्यापर्यंत दव धरलेलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"पाणी भरून देल्लं यानं," तो कांदे चिरणाऱ्या अंबूबाईला म्हणाला.

"शालिग्रामभाऊ काऊन असं करतीन?"

"गॅस कधी खळखळते काय?"

आता त्याला सगळंच आठवू लागलं. परवा शालिग्राम चहाला थांबला नव्हता. टाकीचं सीलही सैल वाटलं होतं. तेवढ्यात शालिग्राम दुसरी टाकी घेऊन आला. इंद्रभानने चारचौघांत त्याला चोर म्हटलं. शालिग्रामने टाकी खाली ठेवली आणि निघून गेला.

नवरीची आत्या सुचिता चिखलीला विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "काका, आत गॅस दाबून पातळ केलेला असतो. तो उकळून वाफ होतो, तीच जळते."

"गार टाकीत उकळते?"

"हो, थंडीतही. पण उकळायला लागणारी ऊब तो टाकीतूनच ओढतो. मोठ्या भट्टीला वाफ भराभर लागते, टाकी गारठते, उकळणं मंदावतं आणि दाब उतरतो."

लग्नात भांडण नको म्हणून समजूत घालत असेल, असं इंद्रभानला वाटलं. दुसऱ्या टाकीवर त्याने स्वयंपाक उरकला. पहिली मात्र अंगणात नजरेसमोर ठेवली, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

पंगती उठल्यावर ऊन चढलं होतं, टाकीही कोमट झाली होती. त्याने स्वतः तीच टाकी जोडली. जाळ भसकन उठला, निळा, सकाळी सुरुवातीला होता तसा.

संध्याकाळी तो शालिग्रामच्या दारात गेला. "चुकलं माह्यं."

"हाव," शालिग्राम म्हणाला. आत ये म्हणाला नाही.

टाक्या तो अजूनही आणतो, एकटी गारठू नये म्हणून आता दोन-दोन, एकत्र जोडायच्या नळीसकट. पण सोबत वजनकाटाही आणतो आणि प्रत्येक टाकी मांडवातल्या लोकांसमोर तोलतो.

"मले कायले दाखवतं?" इंद्रभानने एकदा विचारलं.

"तुह्यासाठी नाई. माह्यासाठी."