आलाय की आलेत

नाटक कंपनीत तिला सगळे पोटरीमावशी म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने प्रेमानेच ठेवलं होतं. दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात ती विंगेत उलट्या खोक्यावर बसायची आणि राजा असो वा राक्षस, जो तो येऊन तिच्या मांडीवर पाय टाकायचा. जड पोशाखात उभं राहून राहून पोटऱ्यांचे दगड झालेले असायचे. ती घोट्यापासून गुडघ्याकडे, खालून वर, हात फिरवायची. मग महाराज असे उजेडात निघायचे, जणू आत्ताच झोपून उठलेत. टाळ्या त्यांना मिळायच्या. त्यातली एखादी आपलीही, असं मावशी मनातल्या मनात धरून चालायची.

कंपनी बंद पडली, पडदे विकले गेले, हात मात्र थांबला नाही. प्रसूतिगृहातल्या एका नर्सबाईंनी तिला हाताशी धरून शिकवलं आणि ती गरोदर बायकांची मालीश करू लागली. नटाने संवाद घोकावेत तसं तिने नर्सबाईंचं सांगणं घोकलं. पोटाचं ओझं वाढलं की पायांतलं रक्त वर यायला कुरकुरतं. पावलं सुजतात, चपला चावतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर डाव्या कुशीवर निजवून हलक्या हाताने, पावलाकडून वर मालीश करायची. रक्त खेळतं राहतं, पाय हलके होतात, झोप लागते. शेवटचं वाक्य नर्सबाईंनी बोट उगारून सांगितलं होतं.

"एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला, तर हात मागे घ्यायचा. आत रक्ताची गाठ असू शकते. चोळलीस तर सुटेल आणि थेट फुफ्फुसात जाईल."

इतक्या वर्षांत हे वाक्य म्हणायची पाळी तिच्यावर आली नव्हती.

त्या सकाळी जावयाचा फोन आला. जावई म्हणजे भाचीचा नवरा. बहीण गेल्यावर ही भाची मावशीनेच लहानाची मोठी केलेली. शिवणाच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसणारी, आता सातवा महिना लागलेला.

"मावशी, हिला बरं नाही, पाय भरून आलाय. जरा येऊन जाता का?"

मावशी तेलाची बाटली पिशवीत टाकून निघाली. चालता चालता तो शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचू लागला. आलाय. पाय एक असो नाहीतर दोन, म्हणायचं 'पाय'च. फरक कळतो तो पुढच्या शब्दात. दोन असते तर आलेत म्हणाला असता. मग तिने स्वतःलाच दटावलं. हा गडी 'चष्मा हरवली' म्हणणाऱ्यांतला, त्याच्या बोलण्याचा काय नेम?

भाची डाव्या कुशीवर पडली होती. वरचा उजवा पाय हाती आला, तो थंड, नेहमीसारखा. मावशीने तेल लावलं, हात वर सरकू लागला, भाचीचे डोळे मिटले. मावशीचाही जीव जरा भांड्यात पडला.

"हा नव्हे गं," भाची झोपाळू आवाजात म्हणाली, "तो दुसरा दुखतोय. कालपासून. त्याला चांगला जोर लाव."

मावशीने चादर बाजूला केली. डावी पोटरी तट्ट फुगली होती, लालसर, चकाकणारी. तिने हाताची पालथी बाजू नुसती टेकवली. पाय तव्यावरून उतरवल्यासारखा तापला होता.

तिने हात मागे घेतला.

"दाब ना, मावशी."

"नाही."

मागच्या खोलीतून विहीणबाई आल्या. त्यांना हे नखरे वाटले. नटनट्यांचे पाय चेपणाऱ्या हातांना घरच्या पोरीचा पाय जड झाला का, असं त्यांनी विचारलं, आणि सरका, मीच चोळते, म्हणत पदर खोचला. मावशी आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोलली नव्हती. ती पायाच्या आणि विहिणीच्या मधे उभी राहिली.

"विहीणबाई, त्या पायाला हात लावलात तर पोर हातची जाईल. गाडी बोलवा."

तिच्या तोंडाकडे बघून विहीणबाईंचा पदर आपोआप सुटला.

गाडीत मावशी भाचीचा श्वास ऐकत बसली. तो जरा अडखळला की ती तिला हाक मारायची. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पायाची तपासणी केली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"हा पाय कुणी चोळला नाही ना?"

मावशी भाचीकडे बघू लागली. भाचीनेच सांगितलं, की मावशीने नाही चोळला.

"फार बरं झालं," त्या म्हणाल्या.

गाठ होतीच. इंजेक्शनं सुरू झाली, बाळाला न बाधणारी. गाठ हलली नव्हती, पण हलणारच नाही असं वचन कुणी देईना. त्यानंतरचे सगळे दिवस मावशी भीतीच्या सावलीत राहिली. रोज जायची, पायांना शिवायची नाही, फक्त तळहात चोळून द्यायची आणि छातीचं वरखाली होणं बघत बसायची. फोन वाजला की तिच्या हातून काहीतरी पडायचंच. दुसरी कुणी बाई पायाची तक्रार घेऊन आली की आधी विचारायची, "आलाय की आलेत?" बायका हसायच्या, मावशीने आता व्याकरणाची शिकवणी काढलीय म्हणायच्या. ती हसत नसे. दोन्ही पोटऱ्यांवर पालथे हात टेकवायची, आणि मगच तेलाची बाटली उघडायची.

शेवटी तो दिवस आला. प्रसूतीच्या खोलीचं दार बंद झालं, वरचा दिवा लागला. मावशी बाकड्यावर, शेजारी विहीणबाई. विहीणबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता. दार उघडलं, जावई बाहेर आला. तोंड पांढरंफटक.

"मावशी... आलाय."

मावशीने त्याची बाही धरली.

"काय आलाय? कुठला पाय?"

"पाय नाही हो," तो रडत रडत हसला, "मुलगा."

"आणि ती?"

"तुम्हालाच बोलावतेय."

मावशी उठायला गेली, तर तिचेच पाय उठेनात. दोन्ही.