विहिरीकडची पालवी

"पाणी कोनं सोडलं गा?"

"मीच सोडलं, काकी. काल आणि आज. झाडं मरायला टेकली होती."

"मरून राहिली हे तुले कोनं सांगतलं?"

"दिसतच होतं ना. पानं सगळी वळलेली. अर्धा बगिचा झालाय, उरलेला उद्या करतो."

पंचफुलानं खांद्यावरची पिशवी धुऱ्याच्या बांधावर ठेवली. दोन दिवस ती उमरेडला मावसभावाच्या तेरवीला गेली होती. काटोलच्या रस्त्यावर बसमधून उतरून सरळ बगिच्यात आली, तं विहिरीकडच्या दोनशे झाडांचे आळे चिखलानं भरलेले. तिची चप्पल रुतली. ती तशीच उभी राहिली.

संत्र्याच्या झाडाचं एक असते. रोज पाणी पाजलं का ते निवांत पानं काढत बसते. म्हणून डिसेंबरात त्याचं पाणी तोडायचं. महिना-दीड महिना उपाशी ठेवायचं, पानं वळू द्यायची, पिवळी पडू द्यायची. मग वसंत पंचमीच्या सुमारास पाणी सोडलं का झाड हबकून फुलांनी लदते. याले ताण म्हणतात. मधातच पाणी पडलं का बहार गेला, म्हणजे वर्षाचं पीक गेलं. काटोलकडच्या शेंबड्या पोरालेही हे सांगावं लागत नाही.

रोहितला सांगून झालं होतं. हा तिच्या दिराचा, देवरावचा पोरगा. नागपुरात महाल भागात वाढलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. नोकरीतून त्यानं वर्षाची सुटी घेतली होती. तो काही तिला सुटी म्हणत नव्हता, करिअर ब्रेक म्हणत होता. परदेशी संस्थेकडून टांझानियात जाऊन तिथल्या शेतकऱ्यांना तो पाण्याचं नियोजन शिकवणार होता. संस्थेनं विचारलं, शेतीचा अनुभव किती? तेव्हा याला काकी आठवली. पंधरा दिवसांच्या अनुभवासाठी तो गोल टोपी अन् नळीवाली बाटली घेऊन आला. पाणी नळीनं ओढायची बाटली. वासरासारखी.

उमरेडला जाताना पंचफुलानं बजावलं होतं, "झाडं ताणावर हायत. मोटरले हात लावू नोको." त्यानं मान हलवली अन् ती गेल्यावर मोबाईलमध्ये पाहिलं. मोबाईल म्हणाला, पानं वळली तर पाणी द्या.

"बहार घालवला तू अर्धा," ती म्हणाली.

"काकी, हे जुनं झालं आता. झाडाला छळून फळ काढायचं?"

"काहून? तुले दया आली?"

"आली. त्यात काय चूक आहे?"

पंचफुलानं चिखलातून चप्पल उपसली. ती मूळची उमरेडची, मागावर विणणाऱ्याची लेक. एकोणीस वर्षांची होऊन या घरात आली तेव्हा संत्र्याचं झाड अन् लिंबूचं झाड तिला सारखंच दिसे. सासू हसे. तीन वर्षं तिनं कशालाच हात न लावता नुसतं पाहिलं. सासरा पान मुठीत चुरगळून कानाशी नेई, अन् त्या आवाजावरून ताण किती बसला ते सांगे. तिनंही चोरून पानं चुरगळली. चौथ्या वर्षी म्हाताऱ्यानं तिच्या हातात काड्या छाटायची कात्री, सिकेटर दिला. नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली, बगिचा तिच्याच मुठीवर चालते. तीन वर्षं नुसतं पाहणं. या शहाण्याला पंधरा दिवसांत शिकून वरून शिकवायचंही होतं.

घरी जाऊन चुलीपुढं न बसता ती फावडा घेऊन परतली. ओल कोरड्या झाडांकडं सरकू नये म्हणून तिला मधून चर खणायचा होता. रोहितही खणू लागला. दुपारपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले. कष्ट केले, हे खरं. कष्ट गाढवही करते. तिनं त्याला फोडांवर लावायला तेल दिलं अन् शेजारच्या नत्थूची बैलजोडी बोलावून ओली जमीन वखरून घेतली. वाळली लवकर तं वाळली, नाहीतं विहिरीकडची झाडं पानं काढतील, एवढंच तिच्या मनात होतं.

आठवा दिवस उजाडला. रोहित विहिरीकडून पळतच आला.

"काकी, चला, पाहा. मी म्हणत होतो ना? सगळी हिरवी झाली."

ती गेली. फांदीफांदीच्या शेंड्यावर पोपटी, कोवळी, लुसलुशीत पालवी. पंचफुलानं दहा झाडं पाहिली, वीस पाहिली. कळी एकावरही नव्हती. रोहित पालवीत उभा राहून स्वतःचा व्हिडिओ काढत होता, अन् त्यात दगावणाऱ्या बागेला जीवदान दिल्याचं सांगत होता.

"काकी, तुम्हीही दोन शब्द बोला ना. संस्थेला पाठवायचंय. तिथल्या लोकांनाही दाखवतील."

"तिथल्या कास्तकाराईले?"

"हो."

तिनं पदर नीट केला अन् मोबाईलकडं पाहिलं.

"राम राम. हा माह्या दिराचा पोरगा. मनानं वाईट नाही. तुमच्या घरी आला तं त्याले जेवू घालजा, पाणी पाजजा, बाजेवर झोपू देजा. मोटरच्या पेटीची चाबी तेवढी देऊ नोका. बस."

रोहितनं मोबाईल खाली केला. "काकी, हे मी कट करतो हं."

"कर."

चराच्या पलीकडची झाडं अजून उपाशी होती. पानं वळलेली, कडा पिवळ्या. तिनं एक पान तोडलं, मुठीत चुरगळलं अन् कानाशी नेलं. कोरडं वाजलं, इकडं ताण टिकला होता. मग कमरेचा सिकेटर काढला अन् पहिल्या झाडाची वाळकी काडी छाटायला घेतली.