नूरच्या डाव्या हातातली जागा

आमच्या डॉक्टरसाहेबांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी तुम्हीही चार शब्द सांगा, असा मंडळींचा निरोप आला. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे, माझी नात नूर लिहून घेते आहे. उजव्या हातानं लिहिते, डाव्यानं कागद दाबून धरते. तो डावा हात ध्यानात ठेवा.

कंधारला आमचं मटणाचं दुकान. तीसेक वर्षांमागं हे सडपातळ तरुण दर शुक्रवारी पहिल्या बसनं नांदेडहून यायचे. हातात बर्फ भरलेला थर्मास. खिमा नको, कलेजी नको, जठरामागचं स्वादुपिंड तेवढं द्या म्हणायचे. ते आम्ही मांजरांना टाकायचो. "गरम हाय तवरच द्या, आपा," असं हळू बोलायचे, जणू बकरं जागं होईल. ते निघाले की आमची मांजरं त्यांच्यामागं बसस्टँडपर्यंत जायची. एकही ओरडायचं नाही. आमचे मालक म्हणाले, "ही टोण्याची भानगड दिसते, देऊ नको." मी म्हटलं, "टोणा करणारा मला सलाम करून बसच्या रांगेत उभा राहील व्हय?"

पुढं कळलं, ते साखरेच्या आजाराचे डॉक्टर. त्या तुकड्यात साखर सांभाळणाऱ्या पेशींची बारीक बेटं असतात. मेलेल्या माणसाची ती बेटं काढून जिवंत माणसाच्या अंगात वसवायची, यासाठी साहेब हात तयार करून राहिले होते.

"वसवणार कुठं?" मी विचारलं.

साहेब टांगलेल्या बकऱ्यापुढं उभे राहिले आणि लेकीसाठी घर बघावं तशी जागा दाखवू लागले. कलेजीत रक्त भरपूर, जगभर तिथंच सोडतात. पण एकदा पांगली की परत वेचता येत नाहीत. पोटावरची चरबीची जाळी बरी. पण पोट उघडावं लागतं. कातडीखाली सोपं; तिथं उपाशी मरतात.

"मग?"

"जिथून उद्या परत काढता येईल, तिथंच ठेवावं, आपा. परकं आहे ते."

हे शेवटचं वाक्य साहेबांनी बकऱ्याकडं बघून म्हटलं. मला थंडी वाजली. तरी टोमणा मारलाच, "बकऱ्याला इचारलं का कधी, कुठं राहतोस म्हणून?" साहेब हसले नाहीत. "विचारतोच की," म्हणाले.

नूरला नवव्या वर्षापासून हा आजार. शिकली, अहमदपूरला शाळेत शिक्षिका झाली. पण साखर उतरायची तेव्हा तिच्या अंगाला कळायचंच बंद झालं. एकदा फळ्यापुढं बोलता बोलता थांबली. डोळे उघडे, खडू हातात. पोरं हसली. मग हसायची थांबली. पुढच्या वेळी ती शुद्धीवर परत येईल की नाही, याची खात्री कुणी देईना. मी साहेबांचे पाय धरायला गेले. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि तीन बैठकांत फक्त काय काय बिघडू शकतं ते सांगितलं. असा डॉक्टर मी पाहिला नाही.

मग नूरला विचारलं, "लिहितेस कोणत्या हातानं?" उजव्या, म्हणाली. "तर डाव्यात ठेवू."

ज्या दिवशी बेटं आली, त्या दिवशी साहेब शस्त्रक्रियेआधी दोन मिनिटं थांबले. मी त्या मेलेल्या माणसासाठी फातेहा म्हटली, त्यांनी हात जोडले. कुणासाठी, ते मला आजही माहीत नाही. साहेबांना माहीत आहे, सांगत नाहीत.

इन्सुलिनची सुई सुटली नाही, कमी झाली. पण आता साखर उतरायच्या आधी नूर दचकते. म्हणते, "दादी, कुणीतरी आतून हात ओढल्यासारखं वाटतं." आमचं मांजर कुणाच्या कुशीत जात नाही, तिच्या डाव्या हाताशी मात्र चिकटून झोपतं. मला बघून डोळेही उघडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी तो हात सुजला होता, साखर चढली. काढावं लागेल, अशी वेळ आली. मी विचारलं, "काढलं तर त्याला ठेवणार कुठं?"

दुसरा कुणी हसला असता. साहेब म्हणाले, "दफन करू, आपा. तुम्ही म्हणाल तिथं. मी ठेवलंय, मीच काढीन, आणि मातीला मीही येईन." मग औषध बदलून तीन दिवस रोज सकाळी येऊन त्या हातावर तळवा ठेवून बसले. आत कुणी आजारी असावं तसे. चौथ्या दिवशी सूज उतरली.

वरून आता काही दिसत नाही. तिळाएवढी खूण, तीही साहेबांनाच सापडते. आत कोण आहे, तेही त्यांनाच ठाऊक.

म्हणून साहेब, तुमच्या उमरीसाठी मी दुआ करते ती निव्वळ प्रेमानं नाही, मतलबानं. जबान दिली आहे तुम्ही. माझी नात म्हातारी होईपर्यंत तुम्ही धडधाकट राहायचं, हात थरथरू द्यायचा नाही. आम्हा दोघींचं सोडा. इथं तिसरं माणूस आहे, त्याला तुमच्याशिवाय ओळखणारं कुणी नाही.

एवढं सांगून झालं. पंखा जोरात आहे, नूरनं लिहिता लिहिता डावा हात उचललेला नाही. मी विचारलं, "दुखतो का गं?"

"न्हाई, दादी," ती म्हणाली, "कागद मी न्हाई दाबलेला."