चार नंबरचा बझर

चार नंबरचा बझर वाजला. त्या खुर्चीवर कुणीच बसलेलं नव्हतं.

भाटघरच्या पाण्याकाठी एक रिसॉर्ट आहे. पुण्याच्या कंपन्या शनिवार-रविवार आपली माणसं तिथं आणतात आणि मी त्यांना सिनेमाचा खेळ खेळवते. भोरला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. लोकांनी टीव्ही दुरुस्त करणं सोडलं, तेव्हा मी या धंद्यात शिरले. लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडायचा. पडद्यावर धूसर चित्र येतं, हळूहळू स्पष्ट होत जातं, सिनेमा ओळखायचा. ज्या टीमचा बझर आधी, तिला उत्तराची संधी. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर गुण वजा. खेळ विकतचा होता, पण बझर माझे. प्लास्टिकच्या डब्यात वायरलेस सर्किट, वर लाल बटण, चारही मी स्वतः सोल्डर केलेले. मला त्यांचा फार अभिमान होता.

त्या शनिवारी टीम तीनच होत्या, म्हणून चौथा बझर मी रिकाम्या खुर्चीवर ठेवला होता. जेवणानंतरच्या राउंडला तो पाच मिनिटांत तीनदा वाजला. टीव्हीवर ‘टीम ४’ असं यायचं, सेकंद उलटे मोजले जायचे, सगळे त्या खुर्चीकडे बघत बसायचे आणि गुण वजा व्हायचे. सुरुवातीला हसले. तिसऱ्या वेळी हसणं जरा कमी झालं. त्यांचा टीम लीडर म्हणाला, "मॅडम, तिथं कुणीतरी बसलंय बहुतेक."

बटण अडकलं असेल, दुसरं काय! मी डबा उघडला. बटण ठणठणीत होतं. तरी म्हटलं कटकट नको, सेल काढून खिशात टाकले आणि पुढचा प्रश्न लावला. चित्र अजून धूसरच होतं. टीव्हीवर पुन्हा अक्षरं आली, ‘टीम ४’.

उघडा डबा माझ्या हातात आणि सेल माझ्या खिशात. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. आमचं घर बौद्ध, भुताखेतांना आमच्याकडे कधी थारा नव्हता. वडील म्हणायचे, आधी तपासून बघ, मग खुशाल घाबर. त्या वाक्यावर मी आयुष्यभर धंदा केला. पण त्या दुपारी हातातला डबा खाली ठेवावासा वाटला, हे खरं.

शेवंतामावशी चहाचा ट्रे घेऊन माझ्यामागं उभ्या होत्या. रिसॉर्टचं स्वयंपाकघर त्याच सांभाळतात. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग पाण्यापलीकडे पाहिलं.

"ताई, आमची मोटार बी अशीच करती वो," त्या म्हणाल्या.

समोरच्या काठाला त्यांचं रान. पाण्यात त्यांची उपशाची मोटार. महिन्याभरापासून ती आपोआप सुरू व्हायची आणि आपोआप बंद पडायची. मावशींचे सासरे, बापू, गेल्या साली वारले. त्यांचा त्या मोटारीवर भारी जीव होता. देवऋषी म्हणाला, म्हातारा मोटारीत अडकलाय, उतारा ठेवा आणि कधी कधी चालू होते ती वेळ मांडून ठेवा. उतारा झाला, नारळ झाला, मोटार काही ऐकेना. शेवटी मावशींच्या मालकांनी, ज्ञानोबाकाकांनी, ठरवलं की मोटार काढून विकून टाकायची. उन्हाळी भुईमुगाचं पाणी तुटलं तर तुटू दे, पण हे भ्या नको.

"आज पान्यात उतरल्याती, मोटार काढायला," मावशी म्हणाल्या. "एकलंच. म्या नगं म्हनत हुते."

मी विचारलं, मोटार असं कधी करते. त्या म्हणाल्या, शनवारी न् आयतवारी, तुमचा खेळ असतो तवाच लई. मग मी विचारलं, मोटारीला रिमोट आहे का? होता. नसरापूरवरून आणलेला, खिशात मावेल एवढा, एक बटण चालूचं आणि एक बंदचं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या स्वस्तातल्या वायरलेस सर्किटांत एक चिप असते. तिचे आठ पाय आपल्या मर्जीनं जोडायचे, म्हणजे आपला कोड तयार होतो आणि दुसऱ्याचं बटण आपल्या यंत्राला चालत नाही. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि कुणीही करत नाही. चिप दुकानातून येते तशीच बसवतात. रिमोटवाल्यानं तशीच बसवली असणार. मीही तशीच बसवली होती. म्हणजे दोघांच्या कुलपांना एकच किल्ली. त्यात लॉन मोठं, बझर लांबून लागत नाही अशी तक्रार आली म्हणून मी महिन्याभरापूर्वी एरियलची वायर वाढवून ठेवलेली. मधे नुसतं उघडं पाणी, अडवायला झाडसुद्धा नाही. पलीकडे काका रिमोट दाबत होते आणि इकडे आमची चौथी टीम खेळत होती.

सापडलं की मला धीर धरवत नाही. तपासून बघायचं! मी खिशातले सेल काढून डब्यात घातले, पलीकडच्या काठावर नजर ठेवली आणि चार नंबरचं बटण दाबलं.

काही झालं नाही. मग दूरच्या बांधावरच्या काळ्या पाइपातून पांढरं पाणी पडायला लागलं. इतक्या लांबून आवाज येत नव्हता, नुसतं पाणी दिसत होतं. मला एवढा आनंद झाला की मी वळून मावशींना म्हटलं, बघा, भूत सापडलं.

त्यांच्या हातातून ट्रे पडला. "आवं, ते पान्यात हायती!"

मला सांगितलं होतं त्यांनी. मी ऐकलं होतं. मोटार पाण्यात, तिची केबल पाण्यात, माणूस पाण्यात, आणि बटणावर माझं बोट. त्या क्षणी मला जे वाटलं ते माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

रिमोटला दोन बटणं, तेव्हा बंदचंही आपल्यात असणार, एवढंच सुचलं. एक नंबर दाबला. पाणी पडतच होतं. दोन नंबर एका मुलीच्या मांडीवर होता, तिथल्या तिथं दाबला. पाणी पडतच होतं. तीन नंबर मी टीम लीडरच्या हातातून ओढून घेतला आणि दाबून धरला. पाइपाची धार बारीक झाली, तुटली, थांबली. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत आलं, ‘टीम ३, उत्तर द्या’. सेकंद उलटे पळत होते.

मावशींनी फोन लावला. रिंग जात होती, उचलत नव्हते. दुसऱ्यांदा लावला. रस्त्यानं पलीकडे जायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा पडतो, मी तरी गाडीची किल्ली शोधायला लागले. तिसऱ्यांदा उचलला. मावशींनी स्पीकर लावला होता.

"शेवंते," काकांचा आवाज आला, श्वास लागलेला. "मोटार कुनी बंद केली?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले, लॉनवरच.

ज्ञानोबाकाका वाचले. हात कोपरापर्यंत बधिर झाला होता आणि ते मागं चिखलात फेकले गेले होते, बाकी काही नाही. व्होल्टेज कमी, म्हणून शेवटचं चालवून बघायला त्यांनी चालूचं बटण चारदा दाबलं होतं. मग बंदचं दाबून उतरले; तेव्हा इकडे तीन नंबर वाजला असणार, पण मी मावशींशी बोलत होते. फ्यूज काढायचा तर पेटी वर जुन्या काठाला. पाणी मागं सरकलेलं, तेवढं कोण चढणार? रिमोट होता ना खिशात.

रिसॉर्टचे मॅनेजर मात्र खूश. म्हणाले, "ताई, गेस्टना चार नंबर जाम आवडला. असाच ठेवता येईल का?" मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या रात्री मी चारही बझरचे कोड बदलले. पुढच्या आठवड्यात पलीकडे जाऊन त्यांच्या रिमोटचाही बदलला. लॅपटॉपमध्ये प्रत्येक बझर कधी वाजला याची नोंद राहते, तिचा कागद काढून नेला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर देवऋषीच्या सांगण्यावरून मावशींनी वेळा मांडल्या होत्या. काका चष्मा लावून एकेक वेळ ताडून बघत बसले. माझी बाजू लंगडी होती, तरी सांगते, प्रत्येक वेळ जुळली की मला बरं वाटत होतं.

"एक सोडून समदं जुळतंय," काका म्हणाले.

एक मंगळवार होता. मंगळवारी रिसॉर्ट बंद असतं. बझर माझ्या दुकानाच्या कपाटात, सेल काढलेले. मी म्हटलं, काठाला आता इतकी फार्महाऊस झालीत, कुणाच्या तरी गेटचा रिमोट असेल, त्यातही तीच चिप. काका म्हणाले, "व्हय, तसंच आसंल."

मग त्यांनी सांगितलं. त्या मंगळवारी ते मोटारीच्या तोंडच्या जाळीचा गाळ काढायला पाण्यात उतरणार होते. एक पाय पाण्यात घालणार तेवढ्यात मोटार सुरू झाली. ते घाबरून मागं फिरले. दुसऱ्या दिवशी फ्यूज काढून केबल ओढली, तर तिचा जॉइंट पार उघडा पडलेला. त्याला त्यांनी टेप गुंडाळली. ती टेप होती म्हणून शनिवारी माझ्या बोटानं नुसता हात बधिर झाला.

मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

या धंद्यातल्यांना माझं सांगणं एवढंच की कोड बदला, पाच मिनिटं लागतात. आणि समोर माणूस आहे हे कळल्यावर तपासून बघायची घाई करू नका. काकांनाही मी एकच सांगितलं होतं, पाण्यात उतरण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवायचा. ते ठेवतात. मी परवा पाहिलं. फ्यूज खिशात टाकला, काठावर थांबले, पाण्याकडे तोंड करून "बापू, उतरतोय" म्हणाले आणि थोडा वेळ वाट पाहिली.

मीही काठावर उभी होते. मीही वाट पाहिली.