पोतीचं सूत
आज नातीच्या पोतीसाठी सुताला मेण घासलं आणि त्या वासानं मला लग्नाआधीच्या अमरावतीच्या बाजारात नेऊन उभं केलं. तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि बाबांनी बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं बांधली होती. आम्ही भातकुलीहून माझ्या मंगळसूत्राची पोत ओवून घ्यायला पटवेकऱ्याच्या दुकानी आलो होतो. होणाऱ्या सासूबाईंनी काळे मणी आणले होते, एकेक उन्हात धरून भोक पारखलेले. सूत मात्र मुलीकडचं, तिच्या शेतातल्या कापसाचं, घरी कातलेलं, अशी आमची रीत. आईनं पुरचुंडी सोडली, तर आत विलायती सुताची गुंडी. "कापूसवाल्याची पोर, अन् सूत इकतचं?" सासूबाई म्हणाल्या. "घरचं काहून नाई आनलं?" आई खाली मान घालून पुटपुटली, "व्यापाऱ्यानं भाव वाढवला, मंग यायनं वातीपुरता बी कापूस घरात ठेवला नाई." बाबा नव्या धोतराचा सोगा चाळवत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आईनं आपल्या घरच्या हातसुताच्या जुन्या लुगड्याचा पदर पुढे ओढला आणि त्यातले धागे काढून पटवेकऱ्यासमोर ठेवले. त्यानं ते पिळले, मेण घासलं आणि मणी ओवले. परतताना बाबांनी बैलांची घुंगरं सोडून गाडीतल्या कडब्याखाली दडवली, तरी प्रत्येक खाचखळग्यात ती वाजत होती. आज आई-बाबा दोघंही नाहीत, पण मेणाचा वास आला की मला आधी ती घुंगरंच ऐकू येतात.