एकच हरकत

आमच्या मोहल्ल्यातून तलावावर जायला एक वाट आहे. ती कोणी दिलेली नाही. आम्ही ढिवर, मासोळीवर जगणारे. आधी घरं झाली की आधी तलाव खोदला हे मला कोणी सांगितलं नाही, पण दोघांच्या मधून पाय पडत गेले आणि वाट झाली. मधे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं होती. त्या विकल्या गेल्या, ले-आऊट पडला, तेव्हा मोजणीवाल्यानं आमची वाट तशीच राहू दिली. नकाशात तिला ले-आऊटचा रस्ता केलं आणि दोन्ही बाजूंनी प्लॉट आखले. त्या सगळ्या जागेला नकाशात पिवळा रंग होता. पिवळा म्हणजे माणसांनी राहायची जागा. मी म्हटलं, राहोत. लोक घरं बांधतील, अंगणात धान वाळवतील, आम्ही मधून ओलं जाळं घेऊन जाऊ. यात कोणाचं काय बिघडतं?

घरं काही झाली नाहीत. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, रोडच्या कडेच्या जागेला भाव आला, आणि राइस मिलवाल्या एका शेठनं ते प्लॉट एकेक करून गोळा केले. त्याला लॉन काढायचं होतं. आमच्याकडे लॉन म्हणजे लग्नाचं मैदान: मोठं गेट, स्टेज, दिव्यांच्या माळा आणि घराच्या कौलांना कंप सुटेल असा डीजे. कोणाच्या लग्नाला माझी ना नाही. पण राहण्याच्या जागेत लॉन बसत नाही. त्यासाठी नकाशातला पिवळा पुसून निळा करावा लागतो. निळा म्हणजे धंद्याची जागा. निळा झाला की सगळे प्लॉट मिळून एक प्लॉट होतो, आणि एक प्लॉट झाला की मधला रस्ता राहत नाही. कारण तो रस्ता प्लॉटवाल्यांचा होता, तुमचा होता कधी, असा त्यांचा हिशेब.

हे सगळं नगरपंचायतीच्या बोर्डावर लावलं होतं म्हणतात. त्या बोर्डावर लसीकरणाचे कागद एकावर एक चिकटवलेले असतात. मला दोन अक्षरं वाचता येतात, चौथीपर्यंत गेलो आहे, पण कागदाखालचा कागद वाचायची विद्या चौथीत शिकवत नाहीत. आम्हाला कळलं ते गुजरीत, भाजी-मासोळीच्या बाजारात. माझ्या घराच्या मागं राहणारी एक बाई, नवरा तलावातच गेला तिचा, ती शिंगाडे आणि झिंगे घेऊन गुजरीत बसते. तिनं मिलवाल्यांच्या घरच्या बायांचं बोलणं ऐकलं आणि टोपलं डोक्यावर तसंच घेऊन सरळ माझ्या दारात आली.

“भाऊ, आपली वाट चालली.”

“कुठी चालली?”

“लॉनात.”

मी तसाच उठलो आणि आमच्या नगरसेवकाकडे गेलो. तो आमच्याच मोहल्ल्यातला. त्याला मी पोहायला शिकवलं आहे. निवडणुकीत माझ्या पाया पडून गेला होता. आता पडवीत खुर्ची टाकून बसला होता.

“काकाजी, नुसता झोन बदलून राह्यला. वाट कोण बंद करते?”

“झोन बदलला का प्लॉट एक होतात का नाई?”

“होतात.”

“एक झाले का मधचा रस्ता राह्यते का?”

त्यानं मोबाइल काढला आणि त्यात पाहत म्हणाला, “हरकत टाका ना तुमी. महिना आहे अजून. लोकशाही आहे काकाजी.”

लोकशाही! जाळ्यात मासा आला की त्यालाही म्हणावं, हरकत टाक.

आम्ही बैठक घेतली. आमच्यात बैठकीची रीत अशी आहे की ज्याला उभं केलं त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी मांडी घालून बसायचं. बसलेला माणूस म्हणजे पाठीशी असलेला माणूस. ज्याला पटत नाही तो उठून जातो. एकानं बोलल्यावर दुसऱ्यानं तेच बोलणं म्हणजे पहिल्याचा अपमान. मासोळीच्या वाट्याची भांडणं, सोयरिकीची भांडणं, डोंगा, म्हणजे आमची होडी, कोणाचा याची भांडणं आम्ही अशीच मिटवली, कोर्टाची पायरी चढलो नाही. मला उभं केलं. मीच अर्ज लिहवून घेतला, मीच सही केली.

घरी बुढी, माझी बायको, म्हणाली, “साऱ्यायच्या सह्या घेऊन घ्या ना.”

“मी बोलतो म्हटल्यावर सह्या कायले? भरोसा नाई काय माह्यावर?”

“भरोसा हाये जी. सही बी असली तं काय पोट दुखते तुमचं?”

बायांना बैठकीतलं कळत नाही, असं मी तिला म्हणालो.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तलाव बंद ठेवला. सगळा मोहल्ला गेला, बाया, म्हातारे सुद्धा. नगरपंचायतीच्या हॉलमध्ये खुर्च्या होत्या, तरी आमचे लोक माझ्या मागं खाली बसले, कारण बैठक म्हटली की खाली बसतात. साहेब वयानं लहान होता. गोड बोलायचा. मला ‘आजोबा’ म्हणाला. असं गोड बोलणाऱ्याचं मला आधीपासून वावडं आहे. शिवी देणारा माणूस निदान ऐकतो तरी.

मी बोललो. उभा राहून, टोपी नीट करून बोललो. ओलं जाळं किती जड होतं ते सांगितलं. वाट गेली तर रोडनं फेरा पडतो, तिथून कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक चालतात ते सांगितलं. डोंगा खांद्यावर घेऊन रोड ओलांडून दाखव म्हटलं. आमच्या मच्छीमार सोसायटीनं तलावाचा ठेका घेतला आहे आणि वाट नसेल तर ठेका काय चाटायचा, तेही सांगितलं. साहेब मान हलवत होता. मग म्हणाला, “आणखी कोणाला काही सांगायचं आहे का?”

कोणी हललं नाही. माझ्या मागं एवढी माणसं, आणि श्वास ऐकू येईल अशी शिस्त. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात ती गुजरीतली बाई गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

“सायेब, मले एक—”

मी वळून म्हणालो, “बाई, बस. बोलून झालं.”

ती बसली. साहेबानं लिहिलं, आम्ही घरी आलो.

मग नगरपंचायतीची सभा झाली. आत आम्हाला बसू दिलं नाही. आमच्या नगरसेवकानं हात वर केला, हे मला त्याच्याच तोंडून पानठेल्यावर कळलं.

“पाह्य काकाजी, मी तरी काय करू? एकच हरकत होती. फेटाळली.”

“एकच? सारा मोहल्ला बसून होता तिथी!”

“बसून होता. बोलला कोण? तुमी. सायबानं लिहिलं, हरकत घेणारा एक, बाकी हजर लोकायचं काही म्हणणं नाई.”

म्हणणं नाही! एका दिवसाची मासोळी सोडून, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलेली माणसं, आणि त्यांचं काही म्हणणं नाही! मत मागायला येतात तेव्हा चुलीपाशी बसलेल्या बुढीचं डोकं सुद्धा मोजून जातात. तेव्हा ती बोलत नाही तरी दिसते. वाट घ्यायची वेळ आली की त्याच घरात एकच माणूस दिसतो. बरं, त्या साहेबाला आमची रीत माहीत नव्हती समजू. पण हा हात वर करणारा? हा तर आमच्याच बैठकीत मांडी घालून मोठा झाला. त्याला माहीत होतं बसण्याचा अर्थ काय. सभेत एक वाक्य बोलला असता तर जीभ झडली असती काय? मी त्याच्या हातातला पानाचा विडा घेऊन नालीत टाकला. पानठेलेवाला हसला, तर त्यालाही दोन शब्द सुनावले.

फाइल वर गेली. सरकारचा शेवटचा हुकूम निघायच्या आधी आणखी एक सुनावणी असते, जिल्ह्याच्या ठिकाणी, हेही त्या बाईनंच काढून आणलं. ती माझ्या अंगणात आली आणि उभ्यानंच म्हणाली,

“भाऊ, या खेपेले आमी आपापल्या तोंडानं बोलू. ज्याची त्याची हरकत, ज्याचा त्याचा आंगठा.”

“मंग मी काऊन येऊ?”

“येऊ नोका.”

आतून बुढीचं हसणं आलं. “आयकलं का? येऊ नोका म्हंते. बसा घरी, जाळं शिवा.”

मी गेलो. वाट माझीही आहे. पण आत गेलो नाही. माझं बोलून झालं होतं आणि मी तेच दोनदा बोलत नाही. हापिसाच्या बाहेर बाकावर बसलो. कूलर चालू होता म्हणून दार उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

आधी ती बाई बोलली. नवरा गेल्यावर सोसायटीनं तिला शिंगाड्यासाठी तलावाचा एक कोपरा दिला आहे, भिजलेली पोती ती एकटी ओढत आणते, रोडनं ओढली तर पोतंही राहणार नाही आणि तीही राहणार नाही. हे मी बोललो नव्हतो. मग एक जण म्हणाला, आम्ही तलावात मासोळीचं बीज सोडतो, चोर जाळं टाकतात, हाक आली की धावत जावं लागतं, गेटवाल्याची चावी शोधत बसू काय? मग एक म्हातारी उठली. ती म्हणाली, “सायेब, आमचा दहावा त्या तलावावर होते. माह्या पोराचा झाला. आमी रडत जाऊ, आन तिकून वरात येईल, तं रस्ता कोण कोणाले देईल?”

 

आणि मग आमच्या बुढीचा आवाज आला. ती बायांबरोबर बसमध्ये होती हे मला माहीत होतं. ती बोलणार आहे हे माहीत नव्हतं.

“माह्या डोळ्याले बराबर दिसत नाई. दोन साल झाले. थ्या वाटेवर मी पायाच्या ओळखीनं जातो. कुठी दगड, कुठी मोहाचं झाड, पायाले ठाऊक हाये. रोडनं घातलं मले तं ट्रकच्या खाली जाईन.”

दोन साल. एका छपराखाली राहतो. तिच्या हातचं खातो. झिंगे निवडताना ती ते नाकाजवळ नेते, ते मी पाहत होतो आणि मला वाटत होतं, वास पाहते. माझ्या घरातली गोष्ट मला सरकारी हापिसाच्या बाहेर, परक्या बाकावर कळली, आणि आतल्या अनोळखी साहेबाला माझ्या आधी कळली. मला असा संताप आला की उठून चालू लागावं. कोणावर आला ते विचारू नका. सगळ्यांवर आला.

परतताना बसमध्ये मी तिला विचारलं, “मले काऊन नाई सांगितलं?”

“सांगनार होती. तुमी बोलून राह्यले होते.”

“दोन साल?”

“हो मंग. तुमचं सरते कधी?”

पुढच्या सीटवरची ती शिंगाडेवाली बाई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहत होती. हसत होती ते मला कळलं.

हुकूम आला. रंग निळा झाला. वाट राहिली. लॉनवाल्यानं तलावाकडे जायला पायी जाण्यापुरता रस्ता कायम मोकळा ठेवावा, असं त्यात आहे. मोहल्ल्यानं गूळ वाटला. मी खाल्ला नाही. पायी जाण्यापुरता म्हणजे केवढा, ते लॉनवाल्यानं ठरवलं. दोन्ही बाजूंनी उंच टिनाच्या भिंती ठोकल्या. समोरून माणूस आला तर एकानं अंग चोरायचं. डोंगा त्यातून जात नाही, तो आता ट्रॅक्टरवर घालून रोडनं न्यावा लागतो. मोहाचं झाड भिंतीच्या पलीकडे गेलं. फुलं तिकडे गवतावर पडतात आणि माळी ती झाडून कचऱ्यात टाकतो. उन्हाळ्यात त्या टिनांमधून चालणं म्हणजे भट्टीतून चालणं. बुढी मात्र म्हणते, “बरं झालं, टिनाले हात लावत जाता येते.” ती असं म्हणाली की माझं डोकं टिनापेक्षा जास्त तापतं. घेणाऱ्यानं सगळं घेतलं, एक पट्टी सोडली, आणि त्या पट्टीवर आम्ही खूष व्हायचं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पावसाळा संपल्यावर त्या वाटेच्या तोंडाशी एक बोर्ड लागला. ‘तलावाकडे जाण्याचा रस्ता.’ खाली शेठचा हात जोडलेला फोटो, बाजूला आमच्या नगरसेवकाचा, त्याहून थोडा लहान. आणि मधे लिहिलं होतं, सौजन्य.

हा शब्द मला बसस्टँडवरच्या बाकांमुळे माहीत आहे. ज्याचं आहे त्यानं दुसऱ्याला मोठ्या मनानं वापरू दिलं की तिथं सौजन्य लिहितात. म्हणजे माझ्या बापाची तिरडी ज्या वाटेनं गेली, ज्या वाटेसाठी माझ्या बुढीला परक्या माणसापुढं आपल्या डोळ्यांचं गाऱ्हाणं सांगावं लागलं, ती वाट आता शेठ आम्हाला दान देऊन राह्यला आहे. आणि ज्यानं हात वर करून ती विकली तो बाजूला हसून राह्यला आहे.

मी पाना घेऊन गेलो आणि नट काढून बोर्ड खाली ठेवला. फोडला नाही, भिंतीला टेकवून ठेवला. परत लागला. परत काढला. बाया म्हणाल्या, भाऊ, वाट भेटली ना, आता बोर्डाशी कायचं भांडण? बुढी म्हणाली, “मले तर तो दिसतच नाई, तुमी काऊन पाहता?” मोहल्ल्यात कोणालाच ही हरकत नाही. ठीक आहे. या वेळी खरंच एकच हरकत आहे आणि ती माझी आहे.

आता त्यांनी लोखंडी पाइप गाडून बोर्ड वर वेल्डिंग करून टाकला आहे. नट नाही, पान्याचं काम नाही. मी आज दुपारी हेक्सा, लोखंड कापायची करवत, आणि नवी पाती आणली. उद्या उजेड पडल्यावर जातो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कोणी केलं म्हणून चौकशी करत मोहल्ल्यात फिरू नये. मी केलं.